पुस्तक विकत मिळेल, मालकी मिळणार नाही

पावसाळ्याच्या सुरुवातीला रद्दीच्या दुकानात एक जुना कथासंग्रह हाती लागला. खाकी कव्हर, एक कोपरा उंदराने कुरतडलेला, आत एका तालुक्याच्या वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का आणि त्यावर आडवा मारलेला दुसरा: ‘बाद’. छापील किंमत 6 रुपये. शेवटच्या पानाला डकवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवरच्या नोंदी मी दुकानातच उभ्याने मोजल्या. 63 भरल्या. पहिली 1974 सालची, शेवटची 1991 ची. एका कथेच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘असं कधी होत नाही.’ त्याच्या खाली निराळ्या अक्षरात, ‘आमच्याकडे झालं.’ रद्दीवाल्याने 40 रुपये घेतले.

त्याच आठवड्यात एक नवी कादंबरी ई-पुस्तक म्हणून घेतली. दोन रात्रींत वाचून झाली. ताईला फोन केला, वाच म्हटलं. ती म्हणाली, ‘पाठव की मग.’ आणि मी गप्प. पाठवणार काय आणि कसं? पुस्तक माझ्या खात्यात, खातं माझ्या पासवर्डात आणि त्या खात्याला माझं बँकेचं कार्ड जोडलेलं. ‘तूच घे ना, शंभर-दीडशेचं तर आहे,’ म्हटलं. ‘राहू दे,’ ती म्हणाली, आणि ते राहिलंच.

मी 25 वर्षं पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. गेली आठ-नऊ वर्षं त्याच पुस्तकांच्या ई-आवृत्त्याही करून देतो, म्हणजे ज्या धंद्याविषयी इथे कुरकुर करणार आहे त्यावर माझ्या घरचा थोडा किराणा भरला जातो. तरीही म्हणतो की ई-पुस्तकांची चर्चा आपण चुकीच्या टोकाने धरली आहे. कागद जाणार की राहणार यावर आपण दीड दशक घालवलं. तेवढ्यात पुस्तक विकणं हा व्यवहारच बदलून गेला आणि तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पूर्वी पुस्तक विकत मिळायचं. आता ते वाचायची परवानगी विकत मिळते. मोठ्या भाषांना हे परवडेलही. मराठी वाचन मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका प्रतीमागे पन्नास वाचक या हिशेबाने चालत आलं आहे, आणि ही नवी रीत नेमकी त्याच्याच मुळावर येते.

कागदाच्या मरणाची भीती अगदीच हवेतली नव्हती. अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर 2007 मध्ये 399 डॉलरचं किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. मे 2011 मध्ये कंपनीने जाहीर केलं की आपल्याकडे छापील 100 पुस्तकांमागे आता 105 ई-पुस्तकं विकली जातात. त्याच वर्षी अमेरिकेतली बॉर्डर्स ही पुस्तकदुकानांची अवाढव्य साखळी दिवाळखोरीत गेली. या बातम्या इकडे पोचल्या आणि ‘छापील पुस्तकाचे भवितव्य’ हा परिसंवाद संमेलनापासून गल्लीतल्या व्याख्यानमालेपर्यंत ठरून गेला. व्यासपीठावर एक प्रकाशक, एक ग्रंथपाल आणि एक ‘तरुण प्रतिनिधी’. प्रकाशक कोऱ्या पुस्तकाच्या वासाबद्दल बोलायचा, प्रतिनिधी टॅब उंच धरून दाखवायचा, मग चहा.

पुढे झालं भलतंच. इंग्रजीत ई-पुस्तकांची चढण काही वर्षांत सपाट झाली, बार्न्स अँड नोबलसारखी खचलेली साखळी पुन्हा नवी दुकानं उघडू लागली. मराठीत तर ती चढण आलीच नाही. किंडलवर मराठीला अधिकृत जागा मिळाली डिसेंबर 2016 मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमच्या जोडीने. त्याआधीपासून बुकगंगासारखे आपले लोक मराठी ई-पुस्तकं विकत होते. तरी आजही मी ज्या प्रकाशकांचं काम करतो ते वर्षाच्या उलाढालीत ई-पुस्तकांचा वाटा सांगण्याआधी हसून घेतात. डिसेंबर 2023 मध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पहिला पुणे पुस्तक महोत्सव भरला तेव्हा लोक पिशव्या भरभरून कागदच घरी नेत होते.

दुकानं बंद पडली हे मात्र खरं. पुण्यात कॅम्पातलं मॅनीज 2012 मध्ये गेलं, मुंबईत फोर्टातलं स्ट्रँड 2018 मध्ये. त्यांना ई-पुस्तकांनी मारलं असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्यांच्या गिऱ्हाइकाला नेलं ते घरपोच येणाऱ्या कागदी पुस्तकाने आणि त्यावरच्या सवलतीने. दुकानदाराला प्रकाशकाकडून साधारण 25-30 टक्के कमिशन मिळतं. तेवढी सूट ऑनलाइन दुकान वाचकालाच देऊन टाकतं. (गंमत अशी की टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये सुरू केलेलं स्ट्रँड स्वतः सवलतीसाठीच नावाजलेलं होतं.) फ्रान्सने 1981 मध्येच कायदा केला की पुस्तकाच्या ठरलेल्या किमतीवर पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची नाही, आणि 2011 मध्ये ई-पुस्तकांची किंमतही प्रकाशकच ठरवील असं नक्की केलं. आपल्याकडे छापील किमतीला वरची मर्यादा आहे, खालची नाही. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ई-पुस्तकाने पुस्तकविक्रेत्याचं दुकान बंद पाडलं नाही, पण त्याला साखळीतूनच वगळलं. अप्पा बळवंत चौकातला विक्रेता कुठल्याही प्रकाशकाचं कुठलंही पुस्तक विकू शकतो. गल्ल्यावरचा माणूस ‘हे संपलंय, पण शेजारी विचारा’ असंही सांगतो. ई-पुस्तक त्याला विकताच येत नाही. ते जिथे विकत घेतलं तिथल्याच कपाटात राहतं आणि तिथल्याच चष्म्यातून वाचता येतं. दुकान, कपाट आणि चष्मा, तिन्हींचा मालक एकच. फेब्रुवारी 2025 पासून तर किंडलवर घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची सोयही बंद झाली. म्हणजे कपाटाची किल्ली निदान एका खुंटीला तरी आपल्या घरी होती, तीही गेली.

एवढ्याने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी बंद पडलेल्या ई-दुकानांकडे पाहावं. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि जुलैनंतर लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. कंपनीने पैसे परत केले, अगदी सभ्यपणे. ज्यांनी पुस्तकांत टिपणं लिहून ठेवली होती त्यांना 25 डॉलर जादा दिले. समासातल्या ‘आमच्याकडे झालं’ला भाव मिळाला, हेही नसे थोडके! आपल्या फ्लिपकार्टनेही 2015 च्या अखेरीस ई-पुस्तकांतून अंग काढून घेतलं आणि गिऱ्हाइकांना कोबो या दुसऱ्या कंपनीच्या हवाली केलं. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलमधून ऑर्वेलचं ‘1984’ परस्पर काढून घेतलं, तो किस्सा तर इतका सांगून झालाय की पुन्हा सांगायची लाज वाटते. त्यात दुष्टपणा होता असं मी म्हणत नाही. हक्क नसलेल्या कुणीतरी ती आवृत्ती टाकली होती. मुद्दा असा की त्यांना ते काढता आलं. मॅनीज बंद झालं तेव्हा तिथून घेतलेली माझी पुस्तकं परत न्यायला कुणी आलं नव्हतं.

कायदा याबाबत कुणाला फसवत नाही, फक्त बारीक अक्षरात बोलतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 14 व्या कलमात प्रती वितरित करण्याचा हक्क लेखकाला दिला आहे, पण ‘आधीच वितरणात आलेल्या प्रती’ त्यातून वगळल्या आहेत. या चार शब्दांवर आपली रद्दीची दुकानं, फुटपाथवरचे ढीग, मामाच्या कपाटातली उसनवारी आणि गावोगावची वाचनालयं उभी आहेत. प्रत एकदा विकली की ती घेणाऱ्याची. तो ती विको, देवो, नाहीतर त्यावर भजी वाढो. ई-पुस्तक विकलंच जात नाही, त्याचा परवाना मिळतो, म्हणून हे चार शब्द तिथे लागू पडत नाहीत. युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या टॉम कॅबिनेट या कंपनीच्या खटल्यात निकाल देऊन टाकला की वापरलेली ई-पुस्तकं परत विकता येणार नाहीत. कॅलिफोर्नियाने जानेवारी 2025 पासून निदान एवढं केलं की परवाना विकताना ‘खरेदी करा’ असं लिहायचं असेल तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला ठळकपणे सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे तशी पाटीही नाही. ज्या शहरात ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे दुकानदार कोरून लावतो, तिथे ‘विकलेला माल आम्हीच परत नेऊ शकतो’ हेही लिहायला काय हरकत आहे?

करखात्याने मात्र फरक ओळखला आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर 2017 मध्ये 18 टक्के लागला. जुलै 2018 मध्ये तो 5 वर आला, पण ज्या ई-पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्याच्यापुरताच. जे पुस्तक कागदावर आलंच नाही ते सरकारच्या लेखी पुस्तक नव्हेच, ती सेवा. नवोदित कवीने छपाईचे 40-50 हजार वाचवून फक्त ई-संग्रह काढला, तर त्याच्या वाचकाने जास्त कर भरायचा. कविता आधीच कोण विकत घेतं, तेव्हा सरकारचं उत्पन्न यातून किती वाढत असेल ते सोडा.

ही परवान्याची रीत मराठीला जास्त का झोंबेल? आपली आवृत्ती पाचशे प्रतींची, कधी तीनशेची. त्यातला मोठा भाग ग्रंथालयांत जातो. रत्नागिरीत 1828 मध्ये वाचनालय निघालं तेव्हापासून महाराष्ट्राने वाचन हे वर्गणीवर चालवलं आहे. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, अ-ब-क-ड वर्ग आले, अनुदानं आली, रखडली, पुन्हा आली. पण दहा हजारांहून जास्त मान्यताप्राप्त ग्रंथालयांचं हे जाळं मराठी प्रकाशनाचं सर्वांत भरवशाचं गिऱ्हाईक आहे. दिवाळी अंकांचंही तेच. घरात दोन अंक विकत येतात आणि वाचनालयाच्या योजनेतून तीस वाचून होतात. मार्चपर्यंत अंकाच्या पानांना तेलाचे डाग पडलेले असतात, शब्दकोडं कुणीतरी अर्धवट सोडवलेलं असतं, आणि तोवर एका अंकाचे पन्नास वाचक झालेले असतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मला एका लेखकानेच ऐकवला. त्याचं म्हणणं, ‘तुमच्या त्या 63 वाचकांत लेखकाला काय मिळालं? 6 रुपयांवर दहा टक्के, 60 पैसे. ई-पुस्तकात प्रत्येक वाचक पैसे देतो, यात रडण्यासारखं काय आहे?’ हिशेब चूक नाही. पण ते 63 जण एकेक प्रत घ्यायला दुकानात गेले असते, हे गृहीत धरूनच तो बरोबर येतो. ताईचं पाहा. माझी प्रत तिला देता आली असती तर तिने वाचली असती आणि या लेखकाचं पुढचं पुस्तक कदाचित स्वतः घेतलं असतं. देता आली नाही, तर तिने काही घेतलंच नाही. आपल्याकडे वाचक घडतो तो उसन्या पुस्तकावर. विकत घ्यायची सवय नंतर लागते, पगार सुरू झाला की, काहींना तर निवृत्तीनंतर.

अमेरिकेतल्या ग्रंथालयांचा अनुभव इथे बोलका आहे. हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने 2011 मध्ये नियम केला की ग्रंथालयाने घेतलेलं ई-पुस्तक 26 वेळा वाचायला दिलं की संपलं. पुन्हा पैसे भरा. कागदी पुस्तक झिजतं, म्हणून हे झिजवलं. मॅकमिलनने 2019 मध्ये मोठ्या ग्रंथालयांनाही नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे एकच प्रत मिळेल असं ठरवलं, ग्रंथपालांनी बहिष्कार घातला आणि मार्च 2020 मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. माझ्या रद्दीतल्या कथासंग्रहाला 26 चा नियम असता तर तो 1980 च्या आगेमागे कपाटातून अदृश्य झाला असता, आणि समासातलं ते दोन ओळींचं संभाषण बहुधा झालंच नसतं.

आता थोडं माझ्या टेबलाविषयी, कारण दोष सगळा परदेशी कंपन्यांवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. मराठी प्रकाशकाच्या हातात त्याच्याच पुस्तकाचा मजकूर धड नाही. 1990 नंतरची बहुतेक पुस्तकं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लागली, श्रीलिपी नाहीतर आयएसएमच्या फॉन्टांत. त्या फॉन्टांनी मराठी डीटीपी उभं केलं, त्यांचे उपकारच आहेत. पण तो युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्याआधीचा काळ. संगणकाच्या लेखी तिथे ‘क’ म्हणजे कुठलंसं इंग्रजी चिन्ह, ज्यावर ‘क’चं चित्र चढवलेलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. प्रकाशक सीडी आणून देतो, ती उघडली तर उघडते. मग फाइल जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढायची आणि रात्र जागवायची.

मध्यंतरी एका ग्रामीण कादंबरीचं काम होतं. लग्नाच्या प्रसंगात मूळ वाक्य होतं, ‘आचाऱ्यांनी भात चढवला.’ परिवर्तकाने अर्धा ‘र’ रफारात बदलला आणि ‘आचार्यांनी भात चढवला’. पुढच्या प्रकरणात सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला. मी हे पकडलं, कारण मूळ कादंबरी मी वाचली होती. परिच्छेदामागे दोन अशा चुका धरल्या तर तीनशे पानांत किती, ते करून पाहा. प्रूफ वाचायला पैसे लागतात, आणि वर्षाला वीस-पंचवीस प्रती जाणाऱ्या ई-आवृत्तीवर प्रकाशक ते घालत नाही. म्हणून तो सोपी वाट धरतो: पानं स्कॅन करा, पीडीएफ करा, द्या चढवून. मोबाईलवर ते पान म्हणजे टपालाच्या तिकिटावर छापलेला अग्रलेख.

इथे खरं नुकसान आहे, कारण ई-पुस्तकाची जी मोठी देणगी ती या आळसात वाया जाते. माझ्या वडिलांना ऐंशीव्या वर्षी वाचन सोडावं लागलं होतं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हे कळल्यावर त्यांनी पुन्हा सुरू केलं, आणि टॅबलेटवर पान उलटताना ते अजून बोटाला थुंकी लावतात. दृष्टिहीन वाचकाला तर यंत्र पुस्तक वाचून दाखवू शकतं. दृष्टिहीनांना पुस्तकं सुलभ रूपात मिळावीत म्हणून झालेला माराकेश करार मान्य करणारा जगातला पहिला देश भारत होता, 2014 मध्ये. पण स्कॅन केलेल्या पानातून यंत्राला अक्षर ओ की ठो कळत नाही. ते चित्र असतं. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला पुस्तकाच्या किमतीपेक्षा टपालखर्च जास्त पडतो, त्यालाही ई-पुस्तक हा मोठाच दिलासा आहे. त्याला आपण पाठवतो काय, तर तिरकं स्कॅन झालेलं पान आणि कडेला धरणाऱ्याचा अंगठा.

प्रकाशकांशी बोलताना गाडी पायरसीवर येतेच, आणि तिथून कुलपावर, म्हणजे फाइलची नक्कल होऊ नये म्हणून ई-पुस्तकावर घातलेल्या तांत्रिक बंधनावर. ‘कुलूप नको म्हणता, दुसऱ्या दिवशी टेलिग्रामवर दिसेल.’ टेलिग्रामवर आजही दिसतात ती मराठी पुस्तकं बहुतांशी कागदावरून स्कॅन केलेली असतात, त्यांत ग्रंथालयाचा शिक्कासुद्धा येतो. चोराने कुलूप पाहिलेलंच नसतं. ते अडतं फक्त पैसे मोजलेल्या वाचकाला. विज्ञानकथा छापणाऱ्या टॉर या प्रकाशनाने 2012 मध्ये आपल्या सगळ्या ई-पुस्तकांची कुलपं काढली आणि वर्षभराने सांगितलं की चोरी काही वाढलेली दिसत नाही. पानाच्या तळाशी घेणाऱ्याचं नाव उमटवता येतं. स्वतःच्या नावाची प्रत गावभर वाटायला माणूस बिचकतो. आणि चोरी पकडायची तर न्यायालयं ऐकतात: 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला अभ्यासाची पुस्तकं चोरून वाटणाऱ्या चॅनलवाल्यांचे तपशील द्यायला लावले होते. उलट कॉपीराइट कायद्याने 2012 पासून 65अ कलमात, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवलीच आहे. कुलपाला इतकं संरक्षण आणि कुलूप लावून घेतलेल्या वाचकाला काहीच नाही.

लेखकांची बाजू दुहेरी आहे. ई-पुस्तकामुळे प्रकाशकाच्या उंबऱ्यावर दोन वर्षं हस्तलिखित घेऊन बसायची वेळ टळली, हे छोटं नाही. रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा या मराठीत मासिकांबरोबर मेलेल्या जाती तिथे पुन्हा जिवंत झाल्या. काही फारच वाईट आहेत, काही झकास. पण जिथे महिन्याची वर्गणी भरून हवं तितकं वाचायचं, तिथे लेखकाला पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात, आणि त्या योजनेत यायचं तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, अशी अट असते. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधनाचा वरचा दर हवा असेल तरी अ‍ॅमेझॉनची हीच अट. माझ्याकडे येणाऱ्या लेखकांत आता एक नवा प्रश्न निघालाय: ‘शेवटचं प्रकरण दोन भागांत तोडू का? पानं वाढतील.’ पूर्वी प्रकाशक सांगायचा, सोळा पानी फर्म्यात बसत नाही, चार पानं कापा. बरं होतं ते.

ज्येष्ठ लेखकांच्या वारसांना मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती त्यांना कुणी सांगत नाही. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या 18 व्या कलमात आलं आहे की करार करताना जे माध्यम व्यवहारात नव्हतं त्याचे हक्क, करारात त्याचं नाव घेतल्याखेरीज, दिले गेले असं धरता येत नाही. आणि मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच, हे 19 वं कलम सांगतं. दुरुस्तीआधीच्या करारांवर वाद होऊ शकतो, तरी 1975 च्या एका पोस्टकार्डावर झालेल्या व्यवहाराच्या जोरावर ई-हक्क आपलेच असं मानणाऱ्या प्रकाशकाला ते कार्ड एकदा दाखवायला सांगावं. वारसांनी ई-हक्क देताना तीन ओळी लिहून घ्याव्यात: मुदत किती, कुलूप असेल का, आणि दुरुस्त केलेली युनिकोड फाइल आमच्याकडे एक प्रत राहील का. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. दुकानं येतील-जातील, धड मजकूर असला की पुस्तक उद्या कुठल्याही रूपात काढता येतं. फेब्रुवारी 2022 मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या मालकीचं वेस्टलँड हे प्रकाशन बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा पुस्तकं मिळेनाशी होतील म्हणून वाचकांची झुंबड उडाली होती. त्यातली बरीच नंतर पुन्हा उभी राहिली, कारण संपादकांचा तो चमू प्रतिलिपी या ऑनलाइन कथा-व्यासपीठाबरोबर नव्याने सुरू झाला. सगळ्यांचं नशीब तसं नसतं.

सरकारकडून मला दोनच गोष्टी हव्यात, आणि दोन्हींना फार पैसे लागत नाहीत. 1954 च्या कायद्याने छापील पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. फक्त ई-रूपात आलेल्या कादंबरीची प्रत कुठेच जमा होत नाही. ब्रिटनने ही सोय 2013 मध्येच केली. पन्नास वर्षांनी कुणी आजच्या मराठी भयकथेवर प्रबंध लिहायला बसलं तर त्याला काय मिळेल? दुसरी गोष्ट: शासनमान्य ग्रंथांच्या यादीत ई-पुस्तकांना जागा, पण या अटीवर की ग्रंथालय फाइल कायमची विकत घेईल, एका वेळी एका सभासदाला देईल, आणि 26 चा खेळ चालणार नाही. साहित्य संस्कृती मंडळाने स्वतःची शेकडो पुस्तकं फुकट पीडीएफ करून दिली, ती उघडून पाहा, चांगलं काम आहे. पण फुकट वाटणं हे विकत घेण्याला उत्तर नव्हे. लेखकाला पैसे मिळालेच पाहिजेत.

यातलं थोडं करून पाहावं म्हणून आचाऱ्यांच्या त्या कादंबरीच्या प्रकाशकाच्या मागे लागलो. बराच काळ टाळाटाळ करून तो तयार झाला. कुलूप नसलेल्या पाच प्रती त्याने पाच वाचनालयांना छापील किमतीला विकल्या, सोबत सही-शिक्क्याचं पत्र: ही प्रत तुमची, एका वेळी एकाला द्या. त्यातली एक मी स्वतः पोचवायला गेलो. ग्रंथपाल बाईंनी पेन ड्राइव्ह उलटसुलट करून पाहिला, पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘बाकी ठीक आहे हो, पण शिक्का कुठे मारू?’ मला उत्तर सुचेना. शेवटी त्यांनीच एक जुनं कार्डाचं पाकीट शोधलं, पेन ड्राइव्ह आत घातला, पाकिटावर जांभळा शिक्का मारला, दाखल क्रमांक घातला आणि मागे तारखेची कोरी चिठ्ठी डकवली. परवा फोन केला तेव्हा चिठ्ठीवर चार तारखा पडल्या होत्या, आणि पाचवे गृहस्थ पेन ड्राइव्ह परत आणायला विसरले होते.